अंगणातला डबा, शेतातली सवय
(वाचकांचे प्रश्न)

या वेळी आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. विचारणारे बहुतेक शेतकरीच आहेत. दहा एकरांत पऱ्हाटी (कपाशी), तूर, सोयाबीन काढणाऱ्या घराच्या ओसरीत तेलाच्या डब्यातलं एक भेदरं (टोमॅटो) मात्र जगत नाही. शेतात मुळाला वाट असते. पाणी कमी पडलं तर ते खाली जातं, खत जास्त झालं तर बाजूला वळतं. पंधरा लिटरच्या डब्यात त्याला पळायला जागा नाही. म्हणून शेतातली चांगली सवय डब्यात कित्येकदा नडते. खालच्या बहुतेक प्रश्नांची मुळी तिथंच आहे.

प्रश्न : शेतातली चांगली काळी माती आणून तेलाच्या टिनांत भरली आणि वांगी लावली. पाणी घातलं की वर तळं साचतं. वाळली की माती डब्याच्या कडेपासून सुटते आणि मग पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. रेती मिसळून पाहिली, फरक नाही. वांगी दोन महिन्यांपासून वीतभरच आहेत. — एक वाचक, मंगरुळपीर, जि. वाशीम

काळी माती शेतात सोनं आहे, डब्यात ती वीट होते. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात त्या याच कारणानं. डब्यात भेग पडायला सोपी जागा म्हणजे कड. त्यामुळे तुम्ही घातलेलं पाणी मातीच्या गोळ्याला न भिजवता कडेनं उतरतं. खालून पाणी गळताना दिसतं, पण मधली मुळं कोरडी राहतात.

रेती थोडी घालून उपयोग नाही, उलट बिघडतं. रेतीच्या कणांमधल्या फटी चिकणमातीनं भरून जातात आणि गोळा आणखी घट्ट बसतो. फरक पडायला अर्ध्याहून जास्त रेती लागेल, आणि तेवढ्या वजनाचा डबा कोणी उचलू शकणार नाही. मातीत फुगीर, हलकं काहीतरी जायला हवं. मोजायला एकच घमेलं ठेवा : दोन घमेली माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि तीन घमेली हलका माल.

हलका माल गावावर ठरतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे राईस मिलवर धानाचा तूस मिळतो, तो उत्तम. तुमच्याकडे सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आहे, पण ते कच्चं घालू नका. कच्चं कुटार कुजताना जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. ते शेणाच्या काल्यात भिजवून खड्ड्यात टाका, दर तीन आठवड्यांनी वरखाली करा. तीन महिन्यांनी ते काळपट, भुरभुरीत होतं आणि कुटार म्हणून ओळखू येत नाही. तेव्हा वापरा. तेवढा धीर नसेल तर कोकोपीटची वीट आणा. पाच किलोची वीट भिजून साधारण साठ-सत्तर लिटर होते. तिच्यात मीठ असतं, म्हणून दोनदा पाणी टाकून पिळून घ्या.

मिश्रण झालं की मूठभर ओलं करून दाबा. गोळा बनावा आणि बोटानं टोचल्यावर फुटावा. बोटाचा नुसता ठसा उमटून गोळा तसाच राहिला तर माती अजून जास्त आहे.

आता डबा. तळाला करंगळी जाईल एवढी सहा-सात भोकं हवीत, आणि खिळा आतून बाहेर मारा. बाहेरून मारला तर पत्र्याची कड आत उभी राहते आणि तळाशी पाण्याची थारोळी कायम अडते. वांग्याची मुळं सडतात ती तिथून. भोकांवर खापराचा तुकडा ठेवा, माती वाहून जाणार नाही. तळाला गिट्टीचा थर घालायची पद्धत सोडून द्या. वरच्या बारीक मातीतून खालच्या जाड गिट्टीत पाणी सहजी उतरत नाही. ते थराच्या वरच थांबतं, म्हणजे ओली जागा मुळांच्या आणखी जवळ येते आणि डब्यातली तीन इंच मातीही वाया जाते.

तुमची आताची वांगी काढून नव्या मिश्रणात लावली तरी त्यांच्याकडून फारशी आशा ठेवू नका. दोन महिने खुंटलेलं रोप क्वचितच भरून निघतं. नवीन रोप लावा, आणि वांग्याला पंधरा लिटरचं टिन नको. वीस लिटरच्या पुढचं काही घ्या. रंगाची बादली किंवा 12 बाय 12 इंची ग्रो बॅग चालेल. एका भांड्यात एकच झाड.

प्रश्न : आमच्याकडे बोरचं पाणी खारं. डब्यांच्या कडेला पांढरी पपडी धरते, पालकाच्या पानांच्या कडा जळतात, वालाची रोपं तर दोन पानांवरच मरतात. घरी नळाचं पाणी पिण्यापुरतंच येतं. मग डब्यात भाजी लावूच नये का? — एक वाचक भगिनी, दर्यापूर, जि. अमरावती

ताई, लावा, पण काय लावायचं आणि पाणी कसं द्यायचं हे बदलून. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तुमचं पाणी त्यातलं आहे. शेतात पावसाळा वरचं मीठ थोडंफार खाली धुऊन नेतो. छपरीखालच्या डब्यावर पाऊस पडत नाही. झाड पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, पण मीठ तिथंच राहतं. रोज एक लिटर घातलं तर महिन्याभरात तीस लिटर पाण्याचं मीठ वीस लिटर मातीत गोळा होतं. पांढरी पपडी म्हणजे तेच.

पहिलं काम फुकटचं आहे. जून ते सप्टेंबर डबे छपरीतून काढून उघड्यावर ठेवा, खाली बशी ठेवू नका. पाऊस मीठ धुऊन काढेल. त्याबरोबर नत्रही धुतला जातो, म्हणून पाऊस उघडला की दोन मुठी शेणखत वर द्या.

दुसरं, टिनपत्र्याचं पाणी धरा. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण नऊ लिटर पाणी. एका चांगल्या वीस मिलिमीटरच्या पावसात, गळती-उडती सोडून, दीडशे लिटर सहज हाती लागतं. म्हणजे दोनशे लिटरचं पिंप एक-दोन पावसांत भरतं. पहिला पाऊस सोडून द्या, त्यात पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. पिंपावर कापड घट्ट बांधून झाकण ठेवा. उघडं पिंप म्हणजे डेंग्यूच्या डासांची पैदास.

तेवढं पाणी रोज वापरून पुरणार नाही. त्यामुळे रोज बोरचंच पाणी द्या, मात्र थोडं-थोडं शिंपडू नका. दर वेळी खालून वाटीभर निघेल इतकं द्या. निघालेलं ते पाणी मीठ घेऊन जातं. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक डब्याला पिंपातलं आठ-दहा लिटर पाणी तासाभराच्या अंतरानं दोन-तीन टप्प्यांत सावकाश द्या. झाडं कमी लावा. दहा डबे खाऱ्या पाण्यावर रखडवण्यापेक्षा चार डबे नीट सांभाळलेले बरे.

तिसरं, या पाण्यात सोडियम असेल तर तो चिकणमातीचे कण सुटे करून वरचा थर चुन्याच्या गिलाव्यासारखा बंद करतो. वीस लिटरच्या मिश्रणात चाळीस ग्रॅम जिप्सम मिसळा, आणि त्यावर निचरा होईल असं भरपूर पाणी द्या. निचरा नसेल तर जिप्सम टाकून काही होत नाही.

वाल, घेवडा, गाजर, मुळा, कांदा ही खाऱ्या पाण्याला सर्वांत नाजूक. त्यांचा नाद तुमच्याकडे नको. मिरचीही कुरकुरते. भेदरं आणि पालक बऱ्यापैकी चालवून घेतात. बीट आणि चवळी त्याहून सोशीक आहेत. पालकाच्या कडा जळतात त्या मीठ साठल्यामुळे. धुणं सुरू झालं की नवीन पानं नीट येतील. पाणी एकदा माती-पाणी परीक्षणाला द्या आणि विद्युत वाहकता (पाण्यातल्या मिठाचा अंदाज देणारा आकडा, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) बघा. 0.7 च्या आत असेल तर चिंता नाही, 3 च्या वर असेल तर वर सांगितलेलं सगळं करूनही फक्त सोशीक भाज्या ठेवा.

प्रश्न : ग्रो बॅगमध्ये भेदराचं झाड छातीएवढं झालं. फेब्रुवारीपर्यंत फळं आली. मार्च सरताना फुलं नुसती गळायला लागली, आणि जी फळं धरली त्यांच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग. दुकानातून कॅल्शियम आणून दोनदा फवारलं. — एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

फुलगळ उन्हामुळे आहे, तिला औषध नाही. दिवसा 35 अंशांच्या पुढे आणि रात्री 22 च्या वर तापमान राहिलं की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फूल न धरता गळतं. मार्चअखेरीस आपल्याकडे हे ठरलेलंच. भेदराचा डाव ऑगस्टच्या शेवटी मांडा. तेव्हा रोपं टाका, पंचवीस-तीस दिवसांनी लावा. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत फळ घ्या आणि मार्चमध्ये झाड काढून टाका. एप्रिलमध्ये त्याला पाणी पाजत बसण्यात अर्थ नाही.

बुडाचा काळा डाग कॅल्शियमच्या कमतरतेचाच. पण आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, कॅल्शियमचा तुटवडा मातीत नसतो. पण कॅल्शियम पाण्याबरोबर मुळातून फळाच्या टोकापर्यंत पोचावा लागतो. डबा सकाळी ओला, दुपारी कोरडा, पुन्हा संध्याकाळी ओला असं झालं की टोकाला पुरवठा तुटतो. पानावर फवारलेला कॅल्शियम फळात जात नाही. दुकानदाराचा खप झाला, एवढंच.

भर फळावर आलेल्या झाडाला वीस लिटरच्या बॅगेत उन्हाळ्याच्या तोंडावर रोज दोन ते तीन लिटर पाणी लागतं. सकाळी दोन, संध्याकाळी माती चाचपून उरलेलं. वर दोन इंच कुजकं कुटार किंवा वाळला पाला पसरा. चाळीस लिटरची मोठी बॅग असेल तर मधोमध लिटरभराचं मातीचं गाडगं गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकणी ठेवा आणि रोज सकाळी भरा. भिंतीतून पाणी सावकाश झिरपतं. गाडगं नवीन हवं. तेलातुपाचं वापरलेलं किंवा रंग दिलेलं चालत नाही, त्याची छिद्रं बुजलेली असतात. युरिया जास्त झाला तरी हा डाग वाढतो. डागी फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत.

प्रश्न : सरकीची ढेप गायीला देतो तशी मूठभर मिरचीच्या डब्यात मिसळली. तीन दिवसांत झाड मान टाकून बसलं. — एक वाचक, मेहकर, जि. बुलडाणा

ढेप मातीत कुजताना गरम होते आणि अमोनिया सोडते. शेतात तो पसरून जातो, डब्यात मुळं त्यातच शिजतात. वर उंदीर आणि मुंग्या येतात ते वेगळंच. शंभर ग्रॅम ढेप एक लिटर पाण्यात सात दिवस भिजत ठेवा, रोज काडीनं ढवळा. वास सुटेल. गाळून एकाला दहा पाणी घाला आणि ओल्या मातीत झाडामागे अर्धा लिटर, पंधरवड्यातून एकदा द्या. कोरड्या मातीत कुठलंच खत देऊ नका. आताचं झाड वाचवायचं असेल तर दिसणारी ढेप वेचून काढा, डब्याला दोन बादल्या पाणी सावकाश सोडा आणि आठवडाभर सावलीत ठेवा.

प्रश्न : दारातल्या सहा डब्यांतली मिरची आखडली. कोकडा आला, उपटून फेका, असं सगळे सांगतात. — एक वाचक भगिनी, भिवापूर, जि. नागपूर

भिवापुरी मिरचीच्या गावात मिरची उपटायचा सल्ला जरा सावकाश घ्या. कोकडा हे तीन वेगळ्या कारणांचं एकच नाव आहे. आधी एक पान तोडून हातावर घ्या.

पानाच्या कडा वर वळून नाव झाली असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, मिलिमीटरभराचे पिवळसर किडे पळताना दिसतील. पान उलटं, खाली वाकलेलं, देठ लांबट आणि मागची बाजू जाड, चकाकती तपकिरी असेल तर कोळी. तो डोळ्याला दिसत नाही, खुणेवरूनच ओळखायचा. शेंड्याला बारीक, फिकट पानांचा झुपका, पेरं अगदी जवळजवळ आणि फूल नाही, तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. तेवढंच झाड उपटा आणि जाळा. त्याला उपाय नाही.

फुलकिड्यांना पाच टक्के निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम सुकलेल्या निंबोळ्यांची भरड पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळून एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला. त्याच दिवशी संध्याकाळी पानाच्या मागून फवारा. उन्हात आणि शिळा झाला की त्याची ताकद जाते. सात दिवसांनी पुन्हा. कोळ्याला पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक, लिटरला तीन ग्रॅम. पारा 35 च्या वर असेल त्या दिवसांत ते फवारू नका, पानं करपतात. निंबोळी किंवा कडुनिंबाचं तेल आणि गंधक यांच्यात पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

प्रश्न : पऱ्हाटीवर मारून उरलेलं औषध डब्यातल्या भेंडीवर चालेल का? औषधाचे रिकामे डबेही पडलेत, धुऊन त्यात कोथिंबीर लावावी म्हणतो. — एक वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ

दोन्हीला नाही. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला देशात बंदी आहे. पऱ्हाटीची इतरही बरीच औषधं झाडाच्या अंगात भिनणारी आहेत. भेंडी एक दिवसाआड तोडायची, ती पंधरा दिवस थांबवून खाणार का? डब्यांचं प्लास्टिक विष शोषून धरतं, तीनदा धुतलं तरी निघत नाही. त्यांना भोक पाडून, चेपून निकामी करा. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यानं काय पाहिलं हे तुम्हाला सांगायला नको. तणनाशकाचा पंपही अंगणात आणू नका. टू-फोर-डीचा नुसता वास राहिलेल्या पंपानं पाणी मारलं तरी भेदराची पानं दोरीसारखी पिळतात.

भेंडीबद्दल आणखी एक. पऱ्हाटी, भेंडी, अंबाडी एकाच कुळातली. पिठ्या ढेकूण आणि ठिपक्यांची बोंडअळी तिघींवर जाते. जळणाला आणलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग डब्यांशेजारी असेल तर भेंडीवर कीड तिथूनच येते. ढीग दूर हलवा, निम्मं काम होईल.

प्रश्न : स्लॅबवर एप्रिल-मे मध्ये काही टिकतं का? आणि किती बॅगा ठेवाव्यात? — एक वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर

टिकतं. फेब्रुवारीच्या शेवटी भेंडी (परभणी क्रांती चांगली, हळद्या, म्हणजे पानं पिवळी पडायचा रोग, कमी येतो), चवळी, गवार, माठ, अंबाडी पेरा. भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडायला येते. मार्चच्या मध्यापासून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी सात-आठ फुटांवर बांधा. नव्वद टक्क्यांची घेतली तर झाडं लांबोडी होतात आणि फूल येत नाही. पश्चिमेला तुराट्यांचा ताटवा उभा करा, लू तिकडूनच मारते. बॅगा विटांवर ठेवा, काळ्या बॅगेला बाहेरून चुना लावा किंवा बारदाना गुंडाळा. तापलेल्या स्लॅबवर सरळ ठेवलेल्या काळ्या बॅगेत मुळं दुपारी वाढणंच थांबवतात. पाइपातलं पहिलं पाणी उन्हात उकळलेलं असतं, ते बादलीत काढून मगच झाडांना द्या. नवतपात (मेअखेरचे तापलेले नऊ दिवस) तर हे विसरलात की एका दिवसात झाड गेलं.

वजनाचं म्हणाल तर राहत्या घराच्या चालायच्या गच्चीवर प्रति चौरस मीटर साधारण 150 किलो भार धरून स्लॅब बांधतात. ओली वीस लिटरची बॅग बावीस ते पंचवीस किलो भरते. म्हणजे मीटरभर चौकोनात सहा, आणि त्याही भिंतीच्या किंवा बीमच्या वर, मधोमध नाही. स्लॅब जुना असेल, सळई दिसत असेल, तर वर काहीच चढवू नका.

प्रश्न : सांबार (कोथिंबीर) उगवतच नाही. आणि उगवला तर कोंबड्या उकरतात. — एक वाचक भगिनी, आरमोरी, जि. गडचिरोली

धने चपलेखाली हलके घासून दोन फाकी करा, बारा तास भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दहा-बारा दिवसांत उगवतो. उन्हाळ्यात लावाल तर उगवण विरळ आणि लगेच फुलावर जातो. दर पंधरा दिवसांनी थोडा-थोडा पेरा. सहा-सात इंच खोल पसरट घमेलं त्याला पुरतं.

कोंबड्यांसाठी पेरल्यावर घमेल्यावर बांबूची पाटी पालथी घाला आणि वर वीट ठेवा. कोंब दिसले की पाटी काढून कडेनं टोकदार काड्या दोन-दोन इंचांवर खोचा. कोंबडीला उकरायला पाय टाकता आला नाही की ती दुसरीकडे जाते.